आपल्या बँकेला वेळ कोण सांगतं? : नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व नागरी सहकारी बँका व पतसंस्था

विषय : आपले सर्व्हर, एटीएम आणि कॅमेरे यांना वेळ कुठून मिळते, याची चौकशी करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी गेली बावीस वर्षं एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करतो. शाखाशाखांतून सीडी गोळा करून दिवसअखेर जुळवण्याच्या काळापासून आजच्या यूपीआयपर्यंत सगळं सर्व्हर रूममध्ये बसून पाहिलं आहे. आमच्या विभागाचे जे विषय मंडळापुढे येतात ते बहुधा खरेदीचे असतात. नवा सर्व्हर, फायरवॉलचं नूतनीकरण, एएमसी. आज ज्याबद्दल लिहितोय त्याचं कोटेशन कुणी देत नाही, म्हणून तो विषय आपल्यापर्यंत पोचतही नाही.

आधी एका गुरुजींची हकिगत सांगतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले हे गुरुजी आमच्या एका एटीएमवर दहा हजार रुपये काढायला गेले. खात्यातून पैसे वजा झाले, नोटा आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाखेत अर्ज दिला. शाखेनं एटीएमची नोंद काढली. व्यवहाराची वेळ होती रात्री ८ वाजून ४२ मिनिटं. मग डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, ८:४२ चं चित्रण पाहिलं, तर त्यात एक माणूस नोटा मोजून खिशात घालताना स्वच्छ दिसत होता. अर्जदाराचा चेहरा कुणी ताडून पाहिला नाही. वेळ जुळली, विषय संपला. अर्जावर शेरा पडला, 'चित्रणात रक्कम स्वीकारल्याचे दिसते.'

गुरुजी मुख्य कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, पैसे गेले तर गेले. पण मी खोटं बोललो असं तुमच्या कागदावर राहायला नको." मी त्यांच्यासमोरच चित्रण लावलं. नोटा मोजणारा माणूस तिशीतला होता, बोडका. माझ्यासमोर बसलेले गुरुजी सत्तरीचे, डोक्यावर पांढरी टोपी. मला तिथंच लाज वाटली.

त्या रात्री नऊच्या सुमारास त्या भागातली वीज गेली होती. एटीएमचा राउटर थेट विजेवर होता, त्यामुळे तो बंद पडल्याची नोंद आमच्या मध्यवर्ती सर्व्हरवर ९:०५ ची होती. डीव्हीआर मात्र बॅटरीवर चालू राहिला, आणि त्याच्या चित्रणात समोरच्या दुकानाची पाटी विझली ९:२२ ला. सतरा मिनिटांचा फरक. मी चित्रण ८:५९ वर नेलं. तिथं गुरुजी होते. नोटा येतात त्या फटीपुढे हात धरून उभे. थोडा वेळ थांबले, वाकून आत पाहिलं, पुन्हा थांबले, मागच्या माणसाला काहीतरी विचारलं आणि रिकाम्या हातानं बाहेर पडले.

त्यांचे पैसे परत गेले. अयशस्वी एटीएम व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत आपणहून परत करायची, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, त्याप्रमाणे भरपाईही दिली. पण वीज गेली नसती तर? ती पाटी कॅमेऱ्याच्या टप्प्यात नसती तर? आमच्या चुकलेल्या घड्याळानं एका सरळ माणसाला खोटं ठरवलं होतं, आणि त्यावर बँकेचा शिक्का होता.

सतरा मिनिटं ऐकून दचकायला होतं, पण त्यात नवल नाही. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक असतो, त्याच्या थरथरण्यावर घड्याळ चालतं. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भाग इतकी चूक सहज असते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला दहा मिनिटं. दोन वर्षं त्या डीव्हीआरकडे कुणी पाहिलं नाही, एवढंच घडलं होतं. शाखेतल्या जुन्या संगणकांचं तर आणखी वेगळं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर यंत्र कुठल्या तरी जुन्याच तारखेवर जागं होतं.

यावर उपाय म्हणून जगभर नेटवर्कवरून वेळ घेतात. त्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. गुरुजींच्या प्रकरणानंतर आम्ही प्रत्येक डीव्हीआर, स्विच, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र शोधून एनटीपीवर आणलं. काम झालं असं मला वाटलं. मग एका रात्री त्या नव्या सेटिंगची यादी समोर घेऊन बसलो आणि स्वतःला विचारलं, की ही सगळी यंत्रं ज्याच्याकडून वेळ घेतात तो खरं सांगतोय हे कशावरून? मला उत्तर देता आलं नाही. हे पत्र खरं तर त्या प्रश्नाबद्दल आहे.

कायद्याची बाजू आपल्याला ठाऊक असेल. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्या, लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवा, आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या वेळेशी, अथवा ज्यांची वेळ तिथपर्यंत पोचते अशा सर्व्हरशी जुळवा. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीतली एनपीएल अणुघड्याळांवर करते. नियम योग्यच आहे. पण आपल्याकडे त्याचं रूपांतर ऑडिटच्या तक्त्यातल्या एका ओळीत झालं. 'एनटीपी चालू आहे का? होय.' त्या ओळीत कुठून, कोणत्या वाटेनं आणि वाटेत कुणी हात लावला का, हे कुणी विचारत नाही. दिल्लीतलं घड्याळ बिनचूक आहे. दिल्लीपासून आपल्या शाखेपर्यंतच्या वाटेवर राखण नाही.

ही वाट कशी आहे ते थोडं सांगतो, कारण धोका तिथंच आहे.

आपला सर्व्हर ४८ बाइटचं एक छोटंसं पाकीट पाठवतो आणि ते निघाल्याची वेळ त्यावर लिहितो. समोरचा सर्व्हर ते कधी मिळालं आणि उत्तर कधी धाडलं, या दोन वेळा लिहून परत पाठवतो. उत्तर पोचल्याची चौथी वेळ आपण नोंदवतो. या चार आकड्यांवरून आपलं घड्याळ किती पुढं-मागं आहे याचा हिशेब होतो. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये हे पहिल्यांदा लिहून काढलं आणि पुढं अनेक वर्षं डेलावेअर विद्यापीठात त्यावर काम केलं. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. फार सुंदर काम आहे ते. गर्दीच्या, रेंगाळणाऱ्या नेटवर्कवरूनही मिलिसेकंदाच्या घरात वेळ जुळते. पण ज्या काळात ते रचलं गेलं तेव्हा नेटवर्कवरची माणसं एकमेकांना ओळखत होती. त्या पाकिटावर साधारणपणे सही नसते. ते उघडं पोस्टकार्ड आहे. वाटेत बसलेला कुणीही ते वाचू शकतो, खोडून दुसरी वेळ लिहू शकतो, आणि आपला सर्व्हर ती मुकाट मान्य करतो.

आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवत. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची, ती बुडाली की घटका भरली, म्हणजे चोवीस मिनिटं. जोशीबुवा शेजारी बसून राखण करत. भास्कराचार्यांच्या लेकीची दंतकथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वाकून पाहताना तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. वाटी शाबूत होती, पाणी शाबूत होतं, मांडवात कुणाला काही कळलं नाही. वेळेची गडबड अशीच असते. कुठलाच लाल दिवा लागत नाही.

आता कुणी विचारेल, घड्याळ पुढं-मागं करून चोराला मिळणार काय?

लॉगिनपासून सुरू करू. विंडोजच्या डोमेनमध्ये ओळख पटवणारी केरबेरॉस नावाची पद्धत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. त्यापुढं गेलं की सोमवारी सकाळी दहा वाजता एकाही काउंटरला लॉगिन होत नाही. अधिकाऱ्यांच्या मोबाइलमधल्या ॲपवर जो सहा आकडी कोड बदलत राहतो, तो साधारणपणे दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच तयार होतो. सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र आज वैध आहे की मुदत संपलेलं, हेही संगणक आपल्या घड्याळाकडे बघूनच ठरवतो. घड्याळ मागं नेलं की चोरीला गेलेलं, मुदत उलटलेलं प्रमाणपत्र पुन्हा चालू होतं. पुढं नेलं तर ब्राउझरनं 'या साइटवर सुरक्षितच जायचं' म्हणून लक्षात ठेवलेली मुदत संपते. होसे सेल्वी या स्पॅनिश संशोधकानं हे २०१४ मध्ये जाहीररीत्या करून दाखवलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बॅकअपची, आणि संचालकांनी हा भाग कृपया नीट वाचावा. खंडणीखोर व्हायरसपासून वाचण्यासाठी हल्ली आपण कुलूपबंद बॅकअप घेतो. एकदा लिहिला की ठरलेली मुदत, समजा ९० दिवस, तो कुणालाच पुसता येत नाही. ॲडमिनलाही नाही. ती ९० दिवसांची मुदत मोजतं कोण? त्या स्टोरेजचं घड्याळ. त्या घड्याळाला वेळ देणारा सर्व्हर हल्लेखोराच्या हातात गेला आणि त्यानं तारीख ९१ दिवस पुढं नेली, तर कुलूप आपोआप गळून पडतं. ते तोडावं लागत नाही, पासवर्ड चोरावा लागत नाही. चांगल्या उत्पादनांत यासाठी वेगळी सोय असते, पण ती आपल्याकडच्या यंत्रात आहे का आणि चालू केली आहे का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँका यूपीआयसारखे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेपासून तोडाव्या लागल्या होत्या. त्यात घड्याळाचा हात होता असं माझं म्हणणं नाही. अशा दिवशी बॅकअप हा आपला शेवटचा आधार असतो आणि त्याची किल्ली तारखेत आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

एकदम ९१ दिवसांची उडी कुठलंही घड्याळ मारेल का? जुना एनटीपी प्रोग्राम हजार सेकंदांपेक्षा मोठा फरक दिसला की काम थांबवतो, ही त्याची सावधगिरी. पण बहुतेक ठिकाणी 'सुरू होताना कितीही फरक चालेल' अशी सवलत दिलेली असते, कारण सेल संपलेलं यंत्र नाहीतर जागेवर येणारच नाही. म्हणजे हल्लेखोरानं फक्त यंत्र पुन्हा सुरू होण्याची वाट पाहायची. वीज जाण्यायेण्याची आपल्याकडे काय परिस्थिती आहे ते आपण जाणता. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपशिलात मांडलं. शिवाय 'फार वेळा विचारतोस, थांब' असा निरोप सर्व्हरच्या नावानं खोटाच पाठवून यंत्राला वेळ विचारणंच बंद करायला कसं लावता येतं, तेही दाखवलं. तो दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाला. ज्यांनी आवृत्ती बदलली नाही त्यांच्याकडे तो आजही आहे.

दुसरी एक चूक माझ्या हातून झाली, तीही सांगायला हवी. २०१४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी इंटरनेट पुरवठादाराचा फोन आला, "तुमच्या लाइनवरून भरमसाट डेटा बाहेर जातोय." मी आमच्याच माणसांवर संशय घेतला. कारण निघालं एनटीपी. आमचा एक सर्व्हर बाहेरच्या कुणालाही उत्तर देत होता, आणि 'मॉनलिस्ट' या जुन्या आज्ञेला तो शेवटच्या ६०० यंत्रांची यादी पाठवायचा. कुणीतरी दुसऱ्याच्याच पत्त्यानं छोटासा प्रश्न विचारायचा आणि आमचा सर्व्हर शेकडो पट मोठं उत्तर त्या बिचाऱ्याच्या अंगावर फेकायचा. त्याच महिन्यात क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीनं सुमारे ४०० गिगाबिट प्रति सेकंदाचा हल्ला नोंदवला. त्यासाठी जगभरातले अवघे ४,५२९ एनटीपी सर्व्हर पुरले होते. आमचं यंत्र त्यात होतं की नाही ते मला सांगता येणार नाही, पण तशाच कामाला जुंपलं गेलं होतं हे खरं. ती आज्ञा बंद करायला एक ओळ लागली. ती ओळ मी आधी का लिहिली नव्हती याला माझ्याकडे सबब नाही.

तिसरी गोष्ट, वेळ देणारा प्रामाणिक असूनही चुकू शकतो. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते. ज्यांनी फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवली होती त्यांची यंत्रं बारा वर्षं मागं गेली आणि ठिकठिकाणी लॉगिन ठप्प झाले. जीपीएसचंही तसंच. छपरावर अँटेना लावली की आपण सुटलो असं वाटतं, पण उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. त्याला दाबणं किंवा नकली सिग्नलनं फसवणं शक्य असतं. अँटेना जरूर लावा, आमच्याकडेही आहे. ती एकटी नको.

म्हणून स्रोत एक नसावा, किमान चार असावेत. दोन असले आणि दोघांनी वेगळं सांगितलं तर खरा कोण हे ठरत नाही. चारांतला एक खोटा पडला तरी तिघांच्या एकमतानं तो बाजूला काढता येतो. मात्र चार नावं एकाच ठिकाणाहून वेळ घेत असतील तर ते चार नव्हेत. मुंबईकरांना दोन वेळांचा संसार नवा नाही. १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी शहरात ३९ मिनिटं मागं असणारी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होती. तेव्हा निदान कुठलं घड्याळ कुठली वेळ दाखवतंय हे लोकांना ठाऊक होतं.

आता उपायाकडे येतो. २०२० मध्ये एनटीएस नावाची पद्धत प्रमाणित झाली. वेळ देणारा सर्व्हर आधी, आपण नेटबँकिंगला वापरतो त्याच टीएलएस पद्धतीनं, आपली ओळख पटवून देतो. तिथंच दोघांमध्ये किल्ल्या ठरतात आणि आपल्याला काही टोकन मिळतात. त्यानंतर वेळेचं प्रत्येक पाकीट मोहोर लावून येतं. वाटेत कुणी एक आकडा बदलला तरी मोहोर जुळत नाही आणि पाकीट टाकून दिलं जातं. वेळ लपवायची नसतेच, ती सगळ्यांना दिसली तरी चालते. कुणी पाठवली हे फक्त निश्चित कळायला हवं. लिनक्सवर चालणारा क्रोनी हा मोफत प्रोग्राम आवृत्ती ४.० पासून हे करतो. जर्मनीची पीटीबी ही मापनसंस्था आणि स्वीडनची नेटनॉड मोहोरबंद वेळ कुणालाही देतात.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत, त्या लपवून मला काही साधायचं नाही. मोहोरबंद पाकीट कुणी वाटेत नुसतं अडवून उशिरा सोडलं, तर मोहोर शाबूत राहते आणि वेळ मात्र थोडी चुकते. जास्तीत जास्त चूक जाण्यायेण्याला लागलेल्या काळाच्या निम्मी. म्हणून फार उशिरा आलेलं उत्तर नाकारायचं, अशी मर्यादा घालावी लागते. दुसरं, प्रमाणपत्र तपासायला आधी बरोबर तारीख लागते, आणि तारीख मिळवायला प्रमाणपत्र. सेल संपलेलं यंत्र या पेचात अडकतं. त्यासाठी दोन-तीन वर्षांनी सेल बदलणं हाच खरा उपाय आहे, आणि तो किराणा दुकानातही मिळतो.

आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगतो. डेटा सेंटरमध्ये एक आणि पर्यायी केंद्रात एक, असे दोन सर्व्हर फक्त वेळेसाठी ठेवले. बाहेर पोर्ट १२३ वर, म्हणजे एनटीपीच्या वाटेवर, बोलायची परवानगी या दोघांनाच, बाकी सगळ्यांना फायरवॉलवर बंदी. त्यामुळे कुठल्या शाखेतला कुठला डीव्हीआर परदेशातल्या कुठल्या तरी पत्त्याला गुपचूप वेळ विचारत होता, तेही उघडं पडलं. असे अकरा निघाले. सर्ट-इनच्या नियमाप्रमाणे वेळ एनआयसी आणि एनपीएलकडूनच घेतो, जोडीला छपरावरची अँटेना. मोहोरबंद वेळ देणारे दोन परदेशी सर्व्हर साक्षीदार म्हणून ठेवले आहेत. त्यांच्यावरून घड्याळ लावत नाही, पण देशी वेळेत आणि त्यांच्यात ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला की माझा आणि माझ्या सहकाऱ्याचा मोबाइल वाजतो. शाखांचे सर्व्हर आमच्याशी गुप्त किल्लीनं बोलतात. त्या किल्ल्या शाखाशाखांत नेऊन घालायला दोन महिने लागले, ते काम कंटाळवाणं होतं, पण झालं. सुरू होताना सोडून एरवी कुठल्याही घड्याळाला मोठी उडी मारायची मुभा नाही. खर्च म्हणाल तर दोन जुने सर्व्हर, एक अँटेना आणि आमचे तास.

आपण तंत्रज्ञ नाही, मग आपण काय करायचं? आपण फक्त विचारा. आपल्या संगणक विभागप्रमुखांना पुढच्या बैठकीत बोलवा आणि विचारा, आपल्या यंत्रांना वेळ कोण देतं त्याची यादी द्या. त्यातलं कुठलं यंत्र बाहेरच्या कुणालाही उत्तर देतं का? वेळ देणाऱ्यानं आज रात्री खोटं सांगितलं तर आपल्याला कधी आणि कसं कळेल? बॅकअपचं कुलूप कुणाच्या घड्याळावर चालतं? उत्तर 'बघून सांगतो' असं आलं तर रागावू नका. मलाही त्या रात्री हेच म्हणावं लागलं होतं. त्यांना वेळ द्या, महिन्याभरानं पुन्हा बोलवा. कोअर बँकिंग बाहेरच्या कंपनीकडे असेल तर हेच प्रश्न लेखी त्यांना पाठवा आणि करार नव्यानं होईल तेव्हा उत्तरं करारात घाला.

कॅमेऱ्याचं चित्रण किंवा लॉग आपण न्यायालयात देतो तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्रावर सही करावी लागते. त्यातली एक सही आपल्या अधिकाऱ्याची असते. यंत्र नीट चालत होतं असं तो लिहून देतो. त्या यंत्राचं घड्याळ कुणी शेवटचं तपासलं हे त्याला माहीत नसेल, तर आपण त्याला काय सही करायला लावतोय याचा विचार व्हावा.

आणखी एक काम एकट्या-दुकट्या बँकेच्या आवाक्यातलं नाही, ते आपल्या महासंघांनी करावं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं भारतीय प्रमाणवेळेच्या वापराबाबत वैध मापन कायद्याखालच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये जनतेपुढं ठेवला. त्यात विश्वासार्हतेचा आणि सायबर हल्ल्यांपुढं टिकण्याचा विचार आहे, त्याचं स्वागत. पण 'आमच्याकडून वेळ घ्या' याच्या जोडीला 'मोहोर तपासून घ्या' हेही नियमात स्पष्ट शब्दांत यावं. एनपीएल आणि एनआयसीची मोहोरबंद वेळ गडहिंग्लजच्या पतसंस्थेलाही सहज घेता यावी आणि ती कशी घ्यायची याची चार पानं मराठीत मिळावीत, अशी मागणी महासंघांनी लेखी करावी. वजनकाट्यावर निरीक्षकाचा शिक्का नसेल तर बाजारात तो चालत नाही. बँकेच्या घड्याळाला तोच न्याय मागायला आपल्याला संकोच वाटू नये.

आमची क्रोनीची फाइल, फायरवॉलचे नियम आणि शाखांतले डीव्हीआर तपासायचा तक्ता, यांतून बँकेची ओळख सांगणारा तपशील काढून मी मागेल त्या संस्थेच्या संगणक विभागाला देईन, हवं तर येऊन समजावून सांगेन. पत्र पाठवण्याआधी आज सकाळी गुरुजींच्या त्या एटीएमचा डीव्हीआर उघडून पाहिला. प्रमाणवेळेशी फरक एका सेकंदाच्या आत आहे.

कळावे,

आपला नम्र,
एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागातील कर्मचारी